अडीचशे गोळ्यांनंतरची नळी

अडीचशे गोळ्या. मग मशीनगनची नळी बदलायची.

हेडविगचा लग्नाचा झगा, पोटापाशी चार बोटं उसवून सैल केलेला.

सुरुंग अजून पेरलेलेच. रानात हरणांच्या वाटेनंच चालायचं.

पाद्रीबाबा हेडविगला आणि आल्विनला म्हणाले होते, "लग्न लावायचं तर आधी पहिला नवरा मेल्याचा पुरावा आणा. बेपत्ता म्हणजे मेलेला नव्हे."

पुरावा कुठं आहे ते आल्विनला पक्कं ठाऊक होतं. महायुद्धात, चव्वेचाळीसच्या नोव्हेंबरात, जर्मनीतल्या ह्युर्टगेनच्या रानात, हेडविगचा नवरा रुप्रेख्ट मशीनगन चालवायचा आणि आल्विन त्याचा दोन नंबर. गोळ्यांचा पट्टा धरायचा, तापलेली नळी काढून नवी घालायची. शेवटच्या दिवशी रुप्रेख्टनं न बघताच हात मागं केला. "नळी!" तेव्हा आल्विन सुट्या नळ्या घेऊन उतारावरून पळत सुटला होता. तीन वर्षांत हे त्यानं हेडविगला सांगितलं नव्हतं.

जानेवारीत, भंगार वेचणाऱ्या टोनेसला सोबत घेऊन, तो गेला.

रानभर घोटाभर बर्फ. त्यांच्या जुन्या मशीनगनच्या खड्ड्यात मात्र ओली, काळी माती.

"खाली झरा असेल," टोनेस म्हणाला.

मशीनगन आपल्या दोन पायांवर उभी होती, गंजून लाल झालेली. मागं पालथी हाडं. मानेशी सैनिकी नंबराचा बिल्ला. रुप्रेख्टचाच नंबर. आल्विननं तो खिशात टाकला.

"झालं ना काम? चला आता नवरदेव! का सासुरवाडीला मुक्काम करायचाय?" टोनेस म्हणाला.

पण नळीची झडप उघडी होती. नळी अर्धी बाहेर सरकलेली. आल्विनचा हात आपसूक गेला. हातात तापलेली नळी धरायचं ॲस्बेस्टॉसचं फडकं नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

चर्र झालं.

तो किंचाळला. नळी मातीत पडली.

"बोंबलतोस काय मेल्या!" टोनेसनं ती उचलली. "गारढोण आहे की."

आल्विननं तळहात पुढं केला.

टोनेसनं नळीकडं पाहिलं. तळव्याची कातडी तिला चिकटलेली होती. अजून धूर सोडत होती.

दोघं आपल्याच पावलांच्या ठशांवरून परत फिरले.

हेडविगनं बिल्ला मुठीत घट्ट धरला. "त्रास झाला का रे त्याला?"

"नाही. लगेच गेला."

"तू जवळ होतास?"

"होतो."

त्या दिवशी सकाळी सहाला, आल्विन आणि टोनेस रानाकडं निघायच्याही आधी, दूधवाली पोलीस चौकीवर सांगून गेली होती: रानात मशीनगन चालतेय, आणि ती थांबली की कुणीतरी आल्विनला हाका मारतंय.