तोतया

गजानन आवटी गेल्यावर त्याच्या बायकोचं, यमुनावहिनींचं, पत्र आलं, त्याला आठ महिने झाले होते. वामनराव केळुसकर एरवी लग्नपत्रिकेलाही उलटटपाली उत्तर धाडणारे; पण हे पत्र तसंच राहिलं. त्यात प्रश्न एकच होता : "भाऊजी, ह्यांच्या डोक्यातली गाठ चार-पाच वर्षांची जुनी असावी, असं डॉक्टर शेवटी म्हणाले. तुमच्या कारखान्यात ह्यांच्या डोक्याचं चित्र काढलं होतं ना? त्यात तेव्हा काही दिसलं होतं का?"

'नव्हतं' असं लिहायला त्यांचा हात धजेना, आणि जुनं चित्र उघडून बघायलाही.

मिरजेजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात जेलची डोकी बनत. चायना ग्रास शिजवून त्यात मीठ आणि चरबी अशा मापानं मिसळायची, की खरवसासारखा थरथरणारा तो गोळा एमआरआय यंत्राला जिवंत मेंदूच वाटावा. कामगार त्यांना 'तोतये' म्हणत. इस्पितळातलं यंत्र रोज सकाळी आधी तोतया तपासून स्वतःला जुळवून घेई, मग माणसांना आत घेई. गेल्या चार वर्षांतल्या सगळ्या तोतयांचा नमुना मात्र एकच होता : साचे घडवणाऱ्या गजानन आवटीचं डोकं. "आत काही नाहीच, खुशाल काढा साचा," असं म्हणत तो यंत्रात शिरला होता.

जेलचा वैरी म्हणजे बुडबुडा. वामनरावांनी वीस वर्षं चित्रांतले बुडबुडे हेरून त्यांच्याभोवती गोल काढले, आणि त्या गोलांवरून शिकून 'पुसणी' नावाचा प्रोग्राम तयार झाला. बुडबुड्याचा काळा ठिपका दिसला, की पुसणी तो चित्रातून आपोआप काढून टाकी. तोतयांबरोबर ती एकसष्ट इस्पितळांत गेली. पुढे इस्पितळं ती माणसांच्या चित्रांवरही चालवू लागली. चित्रं कशी धुतल्यासारखी येत.

सोमवारी नवा साचा करायचा म्हणून रेश्मा मुजावर या इंजिनियर मुलीनं गजाननचं मूळ चित्र उघडलं.

"काका, इथं एक बुडबुडा आहे बघा."

"मग पूस की. मला काय विचारतेस?"

"पुसायची खूण आहेच. तुमचीच, चार वर्षांपूर्वीची." ती जरा थांबली. "पण काका, हा तोतया नाही. हे गजाननदादा आहेत. जित्या माणसाच्या डोक्यात बुडबुडा कुठनं येणार?"

वामनराव खुर्चीत बसले. तांदळाएवढा ठिपका, भोवती त्यांच्या हातचा नेटका गोल. त्या दिवशी तो गोल काढून झाल्यावर ते आणि गजानन चहाला गेले होते. चहाचे पैसे कुणी द्यायचे यावरून दोघांत लटकी भांडाभांडीही झाली होती.

"पुसणी माझ्याच नजरेनं बघते गं. तीही माणसांच्या गाठी पुसत असेल," ते म्हणाले. "इस्पितळं मूळ चित्रं ठेवतात का?"

"सहा महिने. मग जागा पुरत नाही म्हणून काढून टाकतात."

"आत्ताच्या आत्ता सगळ्यांना कळव. पुसणी बंद करा म्हणावं, आणि आहेत ती मूळ चित्रं पुन्हा बघा."

"काका, कारखाना उठेल."

"उठू दे."

मग त्यांनी कागद ओढला. पहिल्या पत्रात त्यांनी जेलचं शास्त्र समजावलं होतं, ते फाडलं. दुसऱ्यात स्वतःचीच कीव केली होती, तेही फाडलं. तिसरं चार ओळींत संपलं :

"यमुनावहिनी, दिसलं होतं. मी ते बुडबुडा समजून पुसलं. तेव्हा सांगितलं असतं तर गजानन वाचला असता का, हे मला सांगता येत नाही. सहा महिन्यांतली चित्रं पुन्हा तपासायला सांगितली आहेत, पण त्याआधी ज्यांना 'काही नाही' म्हणून घरी पाठवलं, त्यांना आता कुणी आणि काय कळवायचं?"

खाली सही करून, दुपारी टपालपेटी उघडण्याआधी, ते स्वतः चालत जाऊन पत्र टाकून आले.