पदक लावूनच जा

"ओ साहेब! तुमचं काहीतरी पडलं!"

गणवेश शिवायच्या दुकानाच्या पायरीवरून तिने हाक मारली. बाहेर बारीक भुरभुर चालू होती. कॅप्टन थांबला. तिच्या तळहातावरचं शौर्यपदक त्याने पाहिलं आणि म्हणाला, "राहू द्या तुमच्याकडेच."

"पडलेलं आम्ही ठेवून घेत नाही. फार तर शिवून देतो."

तो हसला… नाइलाजाने हसतात तसा. मग आत आला.

दुकान मामाचं, पण पदकांना रिबिनी लावायचं काम तिचंच. पिन तुटली होती. नवी बसवता बसवता तिने विचारलं, "इतकं जड झालंय का हे?"

"जड भोपळ्या होता," तो म्हणाला. "माझा दोस्त. लढाईत गोळी लागली त्याला. मी पाठीवर घालून चौकीपर्यंत आणलं — त्याबद्दल मला हे पदक. तो मात्र वाचला नाही. आज त्याच्या आईने बोलावलंय. हे छातीवर मिरवत कसा जाऊ?"

तिने दाताने दोरा तोडला. "लावूनच जा. आपल्या पोराला कुणी टाकून आलं नाही, हे दिसू दे त्यांना."

पदक लावून तो दारापर्यंत गेला आणि पुन्हा वळला. "तुम्ही… येता का सोबत? माझं पाऊलच उचलत नाहीये."

"अनोळखी माणसाबरोबर?"

"नाव, हुद्दा सगळं पदकाच्या कडेला कोरलंय. वाचून घ्या."

तिने खरंच वाकून वाचलं. मग आत मामाला सांगितलं आणि चपला घातल्या.

भोपळ्याची आई दुसऱ्या मजल्यावर एकटीच राहायची. आईने पदकाला बोट लावलं, जरा वेळ तसंच ठेवलं. "शेवटी काही बोलला का रे तो?"

कॅप्टनने शिलाईवालीकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली — सांगा.

"शिव्या देत होता, काकू. गाढवा, नीट चाल, म्हणाला… माझी कंबर मोडशील."

काकू खुदकन हसल्या. "माझाच पोरगा! तेव्हाही तक्रारच!" हसता हसता त्यांना रडू फुटलं. त्यांनी कॅप्टनचा हात धरला, तसा त्याचाही बांध सुटला. शिलाईवाली खिडकीतून बाहेर बघत राहिली.

निघताना काकू म्हणाल्या, "बायको गुणाची मिळाली हो तुला."

दोघांनी वाकून नमस्कार केला.

जिन्यात आल्यावर तो म्हणाला, "तुम्ही काही बोलला नाहीत त्यांना."

"तुम्हाला तरी कुठे वाचा फुटली?"

"म्हटलं… मोठ्या माणसाचा शब्द कशाला खोडायचा."

"वा! लढाईत जाता, आणि इथे काकूंच्या आड लपता?"

तो एक पायरी उतरून थांबला. आता दोघांचे डोळे एका उंचीवर आले. "बरं, सरळच सांगतो. तुम्ही मला आवडलात. पुढच्या महिन्यात पुन्हा सीमेवर जायचंय, म्हणून आत्ताच सांगतोय. नंतर धीर व्हायचा नाही."

ती कठड्यावर बोट फिरवत राहिली. "जायच्या आधी मामाला भेटा. पण मामा खडूस आहे. पदकाबिदकाने भुलायचा नाही."

"मग कशाने ऐकेल?"

"मी हो म्हटलंय, एवढं सांगा," ती म्हणाली… आणि त्याच्या शेजारून भरभर जिना उतरून गेली.