टँकर रिकामा होत असताना

लाइट आठाशिवाय यायचे नाहीत, तेव्हा बसा. कंदिलाची काच आजच पुसली आहे. तुम्ही मघाशी विचारलंत, पेट्रोल पंपावर मोबाइलवर बोललं तर खरंच स्फोट होतो का. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाकडून सरळ उत्तराची अपेक्षा करू नये. पण याबाबतीत मला थोडं ठाऊक आहे. ऐका.

मी २००३ साली निवृत्त झालो. आता घरी बसून पुस्तकं वाचीन म्हणालो, तर महिनाभरात बायकोनं सांगितलं, वाचा की, पण दुसरीकडे कुठंतरी. तेव्हा पूर्णगडच्या वाटेवर कातळावर रावजीशेठनी नवा पंप काढला होता. तिथं नोंदवह्या लिहायला जाऊ लागलो. टँकर आला की पेट्रोलची घनता मोजायची, तापमान लिहायचं, खाली सही. बाकी वेळ वाचन. दोन यंत्रांचा पंप, मागं काजूची झाडं, रस्त्यापलीकडं उतारावर समुद्र.

गंमत अशी की आसपासच्या पाच गावांत मोबाइलला रेंज नव्हती. ती फक्त आमच्या पंपावर यायची, ऑफिसच्या दारापासून हवा भरायच्या यंत्रापर्यंत. लोक फोन करायला दोन-दोन मैल चालत यायचे आणि समोर माझी पाटी वाचायचे.

पाटी माझीच. कंपनीचं इंग्रजी पत्रक आलं होतं, त्यात लिहिलं होतं की मोबाइलमुळे कदाचित ठिणगी पडू शकेल. शेठ म्हणाले, "भाऊसाहेब, मराठीत करा." मी लिहिलं, ‘मोबाइलमुळे स्फोट होतो.’ ‘कदाचित’ला कोकणातला माणूस भीत नाही, हा माझा अनुभव. शिवाय पत्र्यावर जागा कमी होती. वर पंपावरच्या माणसांसाठी मी एक नियम जोडला: कामावर येताच फोनची बॅटरी काढावी आणि दोन्ही माझ्या टेबलाच्या खणात ठेवावं, फोन उजवीकडे, बॅटरी डावीकडे. उजवं-डावं कशासाठी, ते मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं.

हा नियम मनापासून पाळणारा एकच माणूस होता. फारुक. पूर्णगडचा, गाड्यांत पेट्रोल भरायचा. त्याचा मुलगा रेहान शारजाकडं जहाजं ओढणाऱ्या एका टगबोटीवर होता. बापाला फोन त्यानंच पाठवलेला. दर शुक्रवारी पाचच्या सुमारास त्याचा फोन यायचा, आणि तेवढी सूट मी दिली होती. फारुक बॅटरी घालून हवेच्या यंत्रापाशी, रेंजच्या शेवटच्या टोकाला जाऊन उभा राहायचा. बोलणं तीन मिनिटांचं. जेवलास काय, आईचा गुडघा कसा हाय, ठेवतो.

एका शुक्रवारी नेमका पावणेपाचला टँकर आला. जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडलं, पाइप जोडला. फारुकच्या हातात फोन वाजू लागला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी पाटीकडं बोट केलं.

त्यानं बॅटरी काढली.

"करील परत," मी म्हणालो.

"करील की. जातोय कुठं," फारुक म्हणाला.

रविवारी शेठच्या फोनवर निरोप आला. शुक्रवारी संध्याकाळी रेहान बोटीवरून पाण्यात पडला. शोधला, पण सापडला नाही. पूर्णगडच्या मशिदीत मयताशिवायच जनाज्याची नमाज झाली. मी बाहेर चपलांपाशी उभा होतो.

दहा दिवसांनी फारुक कामावर आला. खण उघडून फोन उजवीकडे ठेवला, बॅटरी डावीकडे. मला शिवी दिली असती तर घास तरी गिळता आला असता.

मग मी चौकशी सुरू केली. निवृत्त माणसाची चौकशी नेहमी उशिराच असते. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत ओळखीचा एक इंजिनिअर होता. तो हसला. "काका, मोबाइलनं पंप पेटल्याचं सिद्ध झालेलं एक प्रकरण दाखवा. तुमच्या अंगातल्या टेरिकॉटच्या शर्टात जास्त वीज असते." मी शर्टाकडं पाहिलं. चौतीस वर्षं तेच घालत होतो.

रेहानचा चाळिसावा दिवस होऊन गेला. पुन्हा एका शुक्रवारी साडेचारच्या पुढं टँकर आला. आभाळ भरलेलं, काजूचं पान हलत नव्हतं. पेट्रोलच्या वासाची आम्हाला सवय असते, पण त्या दिवशी तो जड होता, गोडसर, घशाशी बसणारा. पाइपातून टाकीत पडणाऱ्या पेट्रोलची घळघळ तेवढी ऐकू येत होती. त्यात माझ्या पोटापाशी, टेबलाच्या खणात, फोन वाजला.

मी खण ओढला. फोन उजवीकडे. बॅटरी डावीकडे. पडद्यावर काळोख… आणि फोन वाजत होता.

"अरे, कोणाचा तो फोन?" टँकरचा ड्रायव्हर गंगाराम ओरडला. "बंद करा, मेल्यांनो! माझ्या पाठीवर बारा हजार लिटर हाय!"

फारुक दारात आला होता. "भाऊसाहेब… त्याचीच वेळ हाय."

"फारुक, त्याला बॅटरी नाही."

"दिसतंय मला."

वाजून वाजून तो थांबला. संध्याकाळी घरी निघताना फारुक माझ्यापाशी आला आणि समजूत घालावी तशा सुरात म्हणाला, "झाकण उघडं होतं ना. नायतर घेतला असता." समजूत माझी घालत होता की स्वतःची, कोण जाणे.

पंधरा दिवसांनी तसंच झालं. झाकण उघडलं, फोन वाजला. झाकण लावलं, थांबला. टँकर नसलेल्या शुक्रवारी मात्र फोन गप्प असायचा.

त्यानंतरचा टँकर यायच्या आदल्या दिवशी फारुक टेबलासमोर उभा राहिला. "रेहानच्या आईला, आसियाला सांगितलं मी. म्हणाली, पोर कधीचं भायेर उभं हाय, नि तुम्ही दार नाय उघडत."

"मग उद्या घे."

"नि उडालो तर? त्या गंगारामाची दोन पोरं हायत."

दुसऱ्या दिवशी पाइप जोडून झाल्यावर मी गंगारामला चहा प्यायला पार वळणापलीकडं पाठवला. ड्रायव्हरनं टँकर सोडून जाऊ नये, हाही नियमच. तो कुरकुरत गेला.

"तुम्ही पण जा," फारुक म्हणाला.

"मला जाता येत नाही. सही लागते."

फोन वाजला. फारुकनं हात पँटला पुसले, दोनदा. फोन उचलला. अंगठा बटणावर ठेवला. मी डोळे मिटले. खोटं कशाला सांगू, इंजिनिअरवरचा माझा विश्वास त्या क्षणी उडाला होता.

ठिणगी पडली नाही. घळघळ मात्र थांबली, कुणी तोटी बंद केल्यासारखी. त्या शांततेत पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"अब्बा… जेवलात काय?"

"जेवलो रे." फारुकचा आवाज फुटला. "तू?"

"उशीर केलात."

"टँकर होता बाबा…"

"ठाऊक हाय. नियम हाय तो. मी थांबलो."

फारुक खाली बसला, उंबऱ्यावर. फोनवरून बोट फिरवत राहिला, ताप आलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावं तसं.

"रेहान… कुठं हायस तू?"

पलीकडं पाण्याचा आवाज. मग अगदी जवळून, "अब्बा, झाकण इतक्यात लावू नका…"

लावलं नाही. आईच्या गुडघ्याचं बोलून झालं, बहिणीच्या शाळेचं झालं. मी वही उघडून बसलो होतो. काय लिहिलं होतं ते दुसऱ्या दिवशी मलाच वाचता आलं नाही.

मग घळघळ पुन्हा सुरू झाली आणि फारुकनं फोन खाली ठेवला. मला म्हणाला, "तुमच्यावर राग नाय त्याचा." एवढंच. आणि टँकर रिकामा झाल्यावर, रोजच्यासारखा, टाकी मोजायला गेला. मोजायची धातूची लांब काठी असते, ती टाकीत तळापर्यंत सोडायची आणि कुठवर भिजली ते पाहायचं. काठीवरचं पेट्रोल वाऱ्यावर बघता बघता उडून जातं, मागं काही राहत नाही.

त्या दिवशी काठी वाळली तेव्हा तिच्यावर पांढरी खार धरली होती. मिठागरात समुद्राचं पाणी वाळल्यावर धरते तशी. काठी भिंतीला उभी होती, खार माझ्या गुडघ्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस येऊन तपासून गेला. टाकीत थेंबभर पाणी नाही, पेट्रोल चोख. एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही. त्यापुढच्या टँकरला फोन आला, फारुक बोलला, आणि खार माझ्या कमरेपर्यंत आली. फारुकनं ती खिशातल्या रुमालानं हळूच पुसली आणि रुमाल घडी करून घरी नेला, आसियाला द्यायला.

मी नोकरी सोडली त्या शुक्रवारी काठीवरची खार माझ्या खांद्याला लागली होती. फारुक अजून तिथंच आहे. झाकण तो आता सगळ्यात शेवटी लावतो.