सरळ उभं राहिलेलं हँडल

वहिनींनी दुखऱ्या गुडघ्यावर शेकायची पिशवी ठेवली आणि नेमकं तेव्हाच दार वाजलं.

"भावजी, बघा हो कोण आहे. कुणी नवऱ्यावर पाळत ठेवायला सांगत असेल, तर मी मेले म्हणून सांगा."

भावजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. वहिनींच्या खासगी तपासाच्या कचेरीत गाडी चालवणं, चहा करणं आणि चुकीचे तर्क लढवणं ही त्यांची कामं. शेवटचं ते फार मन लावून करत.

दारात मिस्त्रीची बायको उभी होती. मिस्त्री कोपऱ्यावर जुन्या मोटारसायकली दुरुस्त करायचा.

"ताई, गॅरेजला सील ठोकलंय. उद्या यांना आत टाकणार आहेत. म्हणे यांनी हँडल जाम केलं आणि अण्णा भिंतीवर आदळले!"

"आधी पाणी प्या. मग पहिल्यापासून सांगा."

अण्णा गल्लीतले निवृत्त कारकून. तरुणपणी घेतलेली मोटारसायकल ते अजून चालवत. हँडलच्या मानेत दोन वाट्या असतात, त्यांत छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या, फिरतात. वर्षानुवर्षं सरळ चालवून छर्र्यांनी वाट्यांना खाचा पाडल्या होत्या. मिस्त्रीने वाट्या आणि छर्रे नवे घातले आणि संध्याकाळी गाडी घरी पोचवली. दुसऱ्या सकाळी पहिल्याच वळणावर अण्णा भिंतीवर आदळून पडले. खुब्याचं हाड मोडलं.

"गाडी द्यायला मीही गेले होते," ती म्हणाली. "टायर बसू नयेत म्हणून अण्णा इंजिनाखाली ठोकळा ठेवतात, पुढचं चाक अधांतरी असतं. गाडी ठोकळ्यावर चढवली तर हँडल धाडकन डावीकडे वळून पडलं, भिंतीचा पोपडा उडाला. अण्णा फार चिडले."

वहिनींनी पिशवी बाजूला ठेवली आणि कण्हत उठल्या.

चौकीच्या आवारात मोडकी गाडी टेकवून ठेवली होती. हँडल दोन्ही हातांनी ढकलावं तेव्हा जरासं हलत होतं.

"हँडलच्या मानेवरचा नट वाजवीपेक्षा घट्ट आहे," इन्स्पेक्टर म्हणाले. "सरळसोट निष्काळजीपणा."

वहिनींनी भिंग काढलं. नटाच्या कडेवर छिन्नीचे ठोके होते. वर आलेली धार कोणीतरी कानशीने घासून वर काळा रंग लावला होता. जप्त केलेल्या हत्यारांत मिस्त्रीचा, असे नट फिरवायचा आकड्याचा पाना होता. तो त्यांनी नटावर ठेवला, अगदी चपखल बसला.

"मिस्त्रीनेच ठोकलं असणार," भावजी कुजबुजले.

"हातात पाना असताना छिन्नी कशाला घेईल, भावजी?"

अण्णांच्या पोर्चमध्ये भिंतीचा उडालेला पोपडा तसाच होता. अण्णांच्या मुलाने नखं कुरतडत दुजोरा दिला. "हो, पडलं होतं हँडल. दारू प्यायल्यासारखं लोळत होतं. मी कधीपासून सांगतोय, विकून टाका ते धूड! या वयात एखाद्या दिवशी जीव जाईल. त्या मिस्त्रीला मी सोडणार नाही."

कुंपणापलीकडे शेजारचे वकील चहा पीत होते. त्यांना जुन्या मोटारसायकली जमवायचा नाद.

"मी कितीदा मागितली, अण्णा देत नाहीत," ते म्हणाले. "रोज सकाळी इथूनच डोळे भरून बघतो. त्या सकाळीही बघितली. ठोकळ्यावर, हँडल सरळ. नेहमीसारखीच ऐटीत."

"सरळ? नक्की?"

"बाई, दुसऱ्याची गाडी मी स्वतःच्या बायकोपेक्षा नीट बघतो."

"हाच! हावरा आहे," भावजी गाडीत बसताच म्हणाले. वहिनींनी डोळे मिटून घेतले. माणसं कशी निघणार हे आधीच कळू लागलं की या धंद्याचा कंटाळा येतो.

इस्पितळात अण्णा छताकडे बघत पडले होते. खिडकीत त्यांचे जाड चामडी हातमोजे होते. डाव्या हातमोज्याला ओरखडासुद्धा नव्हता.

"मिस्त्रीने चूक केली का, अण्णा?"

"मी कुठं तसं म्हटलं?" ते पुटपुटले. "पण हँडल मुकं झालं होतं. इतकी वर्षं मध्यावर आलं की हाताला टक् लागायचं. सरळ कुठे आहे ते हँडलच सांगायचं."

त्यांनी पांघरूण वर ओढलं. डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं.

वहिनी बाहेर जाऊन फोनला लागल्या. मग त्यांनी इन्स्पेक्टरांसह सगळ्यांना अण्णांच्या खाटेपाशी बोलावून घेतलं. मिस्त्री बायकोच्या मागे, दाराला चिकटून उभा राहिला.

"संध्याकाळी हँडल आपोआप पडलं," वहिनींनी थकल्या आवाजात सुरुवात केली. "नट घट्ट असता तर ते पडलंच नसतं. म्हणजे मिस्त्रीने काम नीट केलं होतं. सकाळी चाक अधांतरी असूनही हँडल सरळ उभं होतं. जुन्या वाट्यांतल्या खाचा त्याला धरून ठेवायच्या, पण त्या वाट्या तर गेल्या होत्या. याचा अर्थ, मधल्या वेळात कोणीतरी नट आवळला."

"वकिलांनी!" भावजी म्हणाले.

"वकिलांनी आवळला असता, तर हँडल सरळ होतं हे आपल्याच तोंडाने सांगितलं नसतं. मुलाला ही गाडी धूड वाटते. धुडावरचे ठोके घासून त्याला कोण रंग लावत बसेल? हे काम गाडीवर जीव असलेल्याचं आहे. त्याच्याकडे पाना नव्हता, छिन्नी होती. आणि हात आता कापतात, म्हणून एक घाव चुकून अंगठ्यावर बसला. अण्णा, पडताना तुमच्या हातात मोजे होते. डावा मोजा कोरा आहे. नख आदल्या संध्याकाळीच ठेचलं ना?"

मुलगा खाटेजवळ सरकला.

"मला ते टक् परत हवं होतं," अण्णा भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "आवळलं तर येईल वाटलं. कबूल केलं असतं तर तुम्ही घरच्यांनी त्याच दिवशी गाडी विकली असतीत. सगळीकडे मला कुणीतरी नेतं रे. त्या गाडीवर तेवढा माझा मी जातो."

"आणि त्यापायी माझा नवरा तुरुंगात गेला असता!" मिस्त्रीची बायको कडाडली. "रोज याच अण्णांना आमच्याकडे बसायला खुर्ची मिळते!"

अण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "घ्या लिहून," ते इन्स्पेक्टरांना म्हणाले. "मीच आवळला. त्याची काही चूक नाही."

इन्स्पेक्टरांनी जबाब लिहून घेतला. सील आजच काढतो म्हणाले.

अण्णांनी उशीखालून किल्ली काढली आणि मुलाला न देता मिस्त्रीपुढे धरली. मिस्त्रीने ती लगेच घेतली नाही.

"जुन्या वाट्या मी टाकल्या नव्हत्या, अण्णा," तो म्हणाला. "तुम्हाला नव्या वाट्यांचं हँडल रुचायचं नाही, हे मला ठाऊक होतं. सकाळी येऊन विचारणार होतो. तेवढं थांबायचं होतं."