बिनभोकाचं पंक्चर

सायकलचं टायर घराच्या किल्लीनं उचकटणारा माणूस मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

रविवारची सकाळ होती. द्राक्षमळ्यांमधला रस्ता वरखाली, वरखाली करत तळ्याकडे जातो. शेवटचा मोठा चढ सुरू व्हायच्या जरा आधी आमच्या मळ्याचं फाटक लागतं. आमच्या म्हणजे, मी जिथे नोकरी करते त्या. आठवडाभर मी तिथल्या प्रयोगशाळेत द्राक्षांची गोडी मोजते आणि रविवारी त्याच मळ्याला वळसा घालून सायकल हाणते. वाटेत थांबणं मला आवडत नाही, चढावर तर मुळीच नाही. पण फाटकापाशी एक उंच, काटकुळा माणूस सायकल उलटी करून तिच्याशी झटापट करत होता. ते बघवेना, म्हणून मी ब्रेक दाबला.

"दात उपटताय का तिचा?"

त्यानं वर पाहिलं. गालावर ग्रीसचा पट्टा, आणि डोळे… डोळ्यांचं नंतर सांगते.

"दात असता तर एव्हाना निघाला असता," तो म्हणाला. "माझा तोच धंदा आहे."

अशी गावात आलेल्या दातांच्या नव्या डॉक्टरांची आणि माझी ओळख झाली. जुन्या डॉक्टरीणबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या, तेवढ्यापुरता तो त्यांचा दवाखाना सांभाळायला आला होता. मी त्याला बाजूला सारलं, ट्यूब बाहेर काढली, हवा भरून फाटकाजवळच्या पाण्याच्या टाकीत बुडवली. एका जागेवरून बारीक बारीक बुडबुडे वर आले.

"हा बघा तुमचा किडका दात."

"भूल देऊन करणार की तसंच?"

"रडलात तर देईन."

तो हसला. तर, डोळ्यांचं असं आहे, की हसताना त्याचे डोळे आधी हसतात आणि ओठ मागाहून येतात. एवढंच. पण तेवढं मला पुरलं.

पुढच्या रविवारी बरोबर जायचं ठरलं आणि तो वेळेवर हजर. मी पुढे, तो मागे. पुढच्यानं वारा अंगावर घ्यायचा, मागच्यानं त्याच्या आडोशानं यायचं, आणि पुढच्यानं खड्डा दिसला की हात खाली करून दाखवायचा, हा आम्हा सायकलवाल्यांचा रिवाज. मी खड्डे दाखवत होते, तो निमूट मागून येत होता. फाटक आलं आणि मागून आवाज आला, "उस्ताद… पंक्चर."

मी ट्यूब काढली. टाकीत बुडवली. फिरवली, दाबली, पुन्हा बुडवली. पाणी अगदी शांत. एक बुडबुडा येईल तर शपथ. मी मान वळवून पाहिलं, तर डॉक्टर वेलींच्या ओळीच्या टोकाला लावलेल्या गुलाबाकडे असे टक लावून बघत होते, जणू उद्या त्यावर परीक्षा आहे. आणि कानांच्या पाळ्या लाल.

व्हॉल्व्ह सैल करून हवा सोडली होती पठ्ठ्यानं. आणि वर टोपण नीट लावून ठेवलं होतं. व्यवस्थित माणसाला लबाडीसुद्धा व्यवस्थितच करावी लागते.

"हळूहळू गळत असेल," मी म्हणाले.

"असेल… जुनाट दुखणं आहे."

दुसरी ट्यूब घालून दिली. त्यानंतर दर रविवारी, त्याच फाटकापाशी, त्याच चाकाला पंक्चर. मी दर रविवारी ट्यूब बुडवायची आणि शांत पाण्याकडे गंभीर चेहऱ्यानं बघायचं. खरं सांगते, सबंध आठवड्यात मला त्या पाण्याइतकं काही आवडत नव्हतं. तो शेजारी उकिडवा बसून गप्पा मारायचा. लहान मुलं दवाखान्यात कशी चावतात, आणि त्यांच्या आया मुलांपेक्षा कशा जास्त घाबरतात. एकदा मी त्याच्या तळहातावर द्राक्ष ठेवलं.

"नुसतं खाऊ नका. बी चावून बघा. बी कुरकुरीत लागली की फळ पिकलं."

तो चावत राहिला, माझ्याकडे बघत. "अजून थोडं थांबावं लागेल," तो म्हणाला, आणि मी उगीचच पंप शोधायला लागले. पंप माझ्या हातातच होता.

घरी आत्या घड्याळाकडे बघत बसलेली असायची. मी तिच्याकडेच राहते.

"एवढा उशीर? तळं लांब गेलं की काय?"

"पंक्चर झालं होतं, आत्या."

"कुणाचं?" ती विचारायची, आणि उत्तराची वाट न बघता आत जायची.

मग एका शनिवारी ती कवळी घासून घ्यायला दवाखान्यात गेली आणि बातमी घेऊन आली.

"डॉक्टरीणबाई परत येताहेत गं. तुझा पंक्चरवाला चालला शहरात. तिकडे नोकरी तयार आहे म्हणे."

"माझा कशाला?"

"बरं, दवाखान्याचा," आत्या म्हणाली, पण या वेळी ती हसली नाही.

मला राग आला. इतके रविवार माझ्याकडून चाक खोलून घेतलं, आणि जाताना सांगावंसंही वाटलं नाही? आणि रागाच्या खाली काय होतं, तेही मला चांगलं ठाऊक होतं. मला तो हवा होता. रविवारी हवा होता आणि बाकीच्या वारीही हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी जरा जास्तच जोरात सायकल मारली. फाटकापाशी मागून आवाज आला, "उस्ताद… पंक्चर."

मी थांबले, पण उतरले नाही.

"डॉक्टर, पहिलं पंक्चर सोडलं तर तुमच्या ट्यूबला एकदाही भोक नव्हतं. मला सगळं माहीत आहे. काही बोलायचं असेल तर वर या आणि बोला. दर वेळी त्या बिचाऱ्या चाकाला मध्ये घालू नका."

"अहो, पण आज खरंच—"

मी पेडल मारलं होतं.

चढ कसा संपला कळलंच नाही. माथ्यावर बाक आहे आणि बाकासमोर, खाली, सगळं तळं. मी बसले. वाऱ्यानं पाण्यावर सुरकुत्या पडत होत्या, पलीकडच्या उतारावर वेलींच्या हिरव्या ओळी उन्हात उजळत होत्या. एरवी मी इथे पाणी पिऊन लगेच निघते. त्या दिवशी मी रस्त्याकडे बघत बसले. तो येईना. एक गाडी आली, गेली. पायी आला असता तरी एव्हाना पोचला असता, असं वाटलं. गेला परत. मीच हाकलला. सरळ 'जाऊ नका' म्हणायचं सोडून मी त्याला लबाडी पकडल्याचं ऐकवलं होतं.

मी सायकल खाली वळवली, तेवढ्यात वळणावर तो दिसला. खांद्यावर सायकल, हातात बूट, पायात नुसते मोजे. घामानं निथळत, चढावर पाय ओढत येत होता. माझ्यासमोर येऊन त्यानं सायकल खाली ठेवली आणि मागचं चाक माझ्याकडे फिरवलं.

टायरमध्ये तारेचा तुकडा रुतला होता. वेली बांधायची तार. आमच्याच मळ्याची.

"आज खरं आहे," तो धापा टाकत म्हणाला.

मी पुढे होते. रस्त्यातलं दाखवायचं काम माझं होतं, आणि रागाच्या भरात मी रस्ता पाहिलाच नव्हता.

"बूट का काढले?"

"त्यांच्या तळव्यांना ते पेडलात अडकवायचं लोखंड आहे ना… चालता येत नाही, घसरतात. आणि तुम्ही म्हणालात, वर या." तो बाकावर टेकला. "उस्ताद, तुम्ही थांबतच नाही हो. चढावर पुढे, उतारावर पुढे. पंक्चरशिवाय तुमच्याशी बोलायचं कधी?"

"शहरात जाताय, हे तरी सांगायचंत."

"काल आत्या दवाखान्यात होत्या ना, त्यांनी अर्धंच ऐकलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, राहा, दवाखाना मिळून चालवू. संध्याकाळी त्यांना उत्तर द्यायचंय. मला राहायचंय. पण तुम्हाला नको असेन, तर दर रविवारी तुमची नुसती पाठ बघत… मला नाही जमणार ते."

तळ्यावरून वारा आला. या वेळी मी सरळच बोलले.

"राहा. मला तू हवा आहेस. पंक्चर असो नसो."

त्याचे डोळे हसले. ओठ मागाहून आले.

"ट्यूब आहे ना एखादी?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं. "इतक्या नव्या ट्यूब दिल्यास, मी भरून द्यायला हव्यात."

"नव्या कुठल्या? तू हवा सोडायचास, मी ट्यूब काढून खिशात ठेवायचे, आणि पुढच्या रविवारी तीच तुला घालून द्यायचे. दोनच ट्यूब आहेत. आलटून पालटून."

तो आधी बघतच राहिला, मग इतका हसला, की बाकावरून घसरला.

ट्यूब होती माझ्या खिशात. घातली असती, तर तो मागे आणि मी पुढे, असे झरझर खाली पोचलो असतो. मी खिशाला हात लावला नाही. माझ्या पुढच्या चाकाशी वाकले, व्हॉल्व्हचं टोपण काढलं, व्हॉल्व्ह सैल केला, आणि दाबला. फुस्स.

"अरेच्चा," मी म्हणाले. "माझंही झालं."

मग मी बूट काढले, टोपण नीट जागेवर लावलं, आणि दोन सायकली दोन बाजूंना धरून आम्ही शेजारी शेजारी चालत खाली निघालो.