मास्तरीणबाईंचे पाय

"बघ आई, आता पाय मारायलाच नको! नुसता अंगठा टेकव!" असं म्हणून ठोंब्यानं तारेचं बटण त्यांच्या पायाखाली सरकवलं आणि पन्नास वर्षं मास्तरीणबाईंच्या पायांवर चाललेलं ते काळं मशीन एकदम खर्रर्र करत धावत सुटलं... खालचा लोखंडी पायटा मात्र मुका झाला होता, त्याचा चामडी पट्टा ठोंब्यानं काढून खिशात घातला होता, आणि मास्तरीणबाईंचा दुसरा पाय सवयीनं त्या मुक्या पायट्यावर जाऊन टाच-चवडा, टाच-चवडा करत होता!

"आवडली ना मोटर?" मुलाचा चेहरा इतका फुलला होता, की ओठांवर आलेला शब्द त्यांनी तसाच गिळला.

"छान केलंस हो. आता माझ्या वाटचं जेवणारं यंत्रही आण एखादं."

ठोंब्या खो खो हसला. त्या हसण्याखाली आईच्या अंतःकरणात काय मोडलं, ते त्याला कुठलं कळायला!

खाली शिवणकामाचं दुकान, वर तीन खोल्यांचं बिऱ्हाड. मास्तर गेल्यापासून दुकान ठोंब्या पाहत होता. त्याला सगळी गल्ली आता मास्तर म्हणायची, ठोंब्या म्हणायची हिंमत एका आईतच होती. आणि बाईंनी शाळेत तिसरीच्या पुढचं तोंड पाहिलं नव्हतं, तरी मास्तरांची बायको म्हणून त्या जन्मभर मास्तरीणबाई!

आणि काय दिवस होते ते... दोन मशीनं शेजारी शेजारी, एक मास्तरांचं, एक त्यांचं. शाळा उघडायच्या आधी गणवेशांचे ढीग छताला लागायचे, आणि मास्तर मिशीत हसून म्हणायचे, "चल, लावतेस पैज? आधी बाही कुणाची लागते बघू!" मग दोघांचे पाय असे काही सुटायचे, की समोरचा चहावाला ओरडायचा, "अहो, घर उडेल!" पोटात सातवा महिना असतानाही बाईंनी पैज सोडली नाही. पुढे ते पोर जन्मलं तेही असं, की मशीन थांबलं की रडायचं आणि मशीन चाललं की झोपायचं. एवढ्या खडखडाटात झोपतो म्हणून त्याचं नाव ठोंब्या! त्या पायांनी त्याला जोजवलं होतं...

ते पाय सात महिन्यांपूर्वी जिन्यावरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ठोंब्या माप घ्यायला बाहेर गेलेला, सूनबाई माहेरी... दोन तास त्या जिन्याखाली पडून होत्या, आणि त्यांना पाहिलं ते ठोंब्यानंच. डॉक्टरांनी हाड जोडलं, काठी दिली आणि बजावलं, "रोज चालवा यांना, बसवून ठेवू नका. फक्त पडू देऊ नका." ठोंब्यानं त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं घरी आणलं!

आधी जिना बंद झाला, त्यांचं मशीन दुकानातून वर आलं. मग काठी कपाटावर गेली. पाण्याचा पेला हातात, ताट मांडीवर, दोरा ओवलेली सुई समोर. बाई सुरुवातीला कडाडल्या, "अरे, मी काय दुकानातली पुतळी आहे, कपडे चढवून उभी करायला?" पण एका दुपारी स्वयंपाकघरातून त्याचा बायकोशी बोलतानाचा आवाज त्यांच्या कानांवर पडला. "तिला पुन्हा तसं पडलेलं बघितलं ना, तर मी जगायचा नाही गं..."

त्या दिवसापासून मास्तरीणबाईंची कात्रीसारखी जीभ मिटली. लेकराच्या जिवाला शांती मिळत असेल तर दोन म्हाताऱ्या पायांचं काय एवढं मोल! दिलेच समजायचे त्याला... त्या खुर्चीत बसल्या, त्या बसल्याच.

मोटरीनंतर दोन महिन्यांनी ठोंब्यानं एक वेगळीच खुर्ची आणली. बसायच्या जागी भोक, खाली भांडं. पलंगापासून न्हाणीघर नऊ पावलांवर होतं, तीही आईला चालावी लागू नयेत म्हणून!

"लाजायचं काय त्यात? मी साफ करीन," तो म्हणाला, आणि ते त्यानं अगदी मनापासून म्हटलं, हेच तर भयंकर होतं!

त्या दिवशी बाईंनी पाणी प्यायचं सोडलं. प्यायलंच नाही तर जावंही लागणार नाही, एवढा साधा हिशेब. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओठ सुकून पापुद्रे आले.

सूनबाई टेप घेऊन आली. त्या खुर्चीवर बसायला सोपा पडेल असा पायजमा शिवायचा होता. दवाखान्यातून आल्यावर एक शिवला होता, त्याचं माप वहीत होतंच, पण ही पोरगी सासऱ्यांच्या हाताखाली शिकलेली, जुन्या मापावर कापड कापणं तिच्या रक्तात नव्हतं. तिनं पोटरीला टेप लावला. पुन्हा लावला. मग वही उघडली आणि तिचा चेहराच उतरला.

"अहो! वर या आधी!"

ठोंब्या कात्री हातात घेऊनच धावत आला. "पडली?"

"नाही. हे माप घ्या."

"तू घेतलंस ना?"

"तुम्ही घ्या!"

ठोंब्या गुडघ्यांवर बसला. पोटरी साडेदहा. वहीत साडेबारा. त्यानं मांडीला टेप लावला, तिथे तीन इंच गेलेले. त्यानं टेप उलटा करून पाहिला, झटकला, पुन्हा लावला... माणसाशी वाद घालता येतो, पण शिंपी टेपाशी काय वाद घालणार!

"हाड मोडलं तेव्हा नाही हो गेलं हे," सूनबाईनं वही त्याच्यापुढे धरली. "आपण सांभाळलं तेव्हा गेलं. आणि कालपासून पाण्याला शिवल्या नाहीत त्या, माहितीये? त्या खुर्चीच्या भीतीनं!"

"आई... तू बोलली का नाहीस?"

"बोलून काय करू रे? तुझा जीव घाबरा झालेला ऐकला मी. म्हटलं, घे माझे पाय, पण झोप शांत." आता मात्र इतक्या दिवसांचा बांध फुटला. "पण हे नको रे, राजा... पडून मरेन, चालेल! पण बसून बसून अशी उसवत नको नेऊस मला!"

ठोंब्यानं आईच्या त्या वाळल्या पोटरीवर कपाळ टेकलं आणि अठ्ठेचाळीस वर्षांचा तो बाप्या लहान मुलासारखा हमसाहमशी रडला. "मला वाटलं मी तुला जपतोय गं..."

"जपलंस की! इस्त्री करून घडी घालून कपाटात!" रडता रडता त्या हसल्या, आणि त्याच्या विरळ केसांतून हात फिरवत राहिल्या. "ऊठ. पाणी दे आधी. नको, राहू दे... सूनबाई, माठ कुठे आहे ते माहितीये मला. काठी काढ वरून."

त्या दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे दाबून उठल्या. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. ठोंब्याचे हात पुढे झाले, तशी सूनबाईनं ते धरून त्याच्याच पाठीमागे नेले. "बाजूनं चाला. हात लावायचा नाही. तोल गेला तरच!"

तिसऱ्यांदा मास्तरीणबाई उभ्या राहिल्या. गुडघे लटलट कापत होते. माठापाशी जाऊन त्यांनी स्वतःच्या हातानं पेला भरला, अर्धा सांडला, अर्धा प्यायल्या, आणि तो अर्धा पेला त्यांना अमृताहून गोड लागला!

थोड्या वेळानं त्या न्हाणीघराकडे निघाल्या. एक... दोन... चौथ्या पावलावर भिंत धरून थांबल्या. ठोंब्या पाठीमागे बोटं एकमेकांत घट्ट अडकवून शेजारी घामानं निथळत होता, जणू चालत तोच होता! सात... आठ... नऊ. दार लोटलं गेलं.

बाहेर नवराबायको श्वास रोखून उभे. आणि आतून तोच जुना, धार लावलेला, सगळ्या गल्लीला ठाऊक असलेला आवाज घुमला,

"ठोंब्या! दाराला कान लावून उभा राहू नकोस मेल्या, दुकानात जा! गिऱ्हाईक खोळंबलं असेल!"

"जातो आई," तो म्हणाला, आणि डोळे पुसत, अगदी खरोखर, जिना उतरून गेला.