शेवटच्या वळणावरचा दुसरा दिवा

इंदूरहून देवासला निघालेल्या बसमध्ये ती मांडीवर एक गाठोडं घेऊन बसली होती. त्याला ती अशी जपत होती, की आत तान्हं बाळ आहे असंच कुणालाही वाटावं. बाहेर मावठा, म्हणजे हिवाळ्यातला अवेळी पाऊस, भुरभुरत होता. खिडकीची काच नीट लागत नव्हती. थेंब आत आला की ती चादरीचं टोक हलकेच पुढे ओढी. चादर धार जिल्ह्यातल्या बाग गावच्या ठशांची होती — लाल, काळी, धुऊन धुऊन मऊ झालेली.

पलीकडच्या सीटवरच्या शुभंकरने आधी चादर ओळखली आणि मग तिच्याकडे पाहिलं. धारच्या माणसाचं असंच होतं.

कंडक्टर आला. "मैडम, बच्चा पाँच साल से ऊपर हो तो आधा टिकट लगेगा."

"अभी चार का है भिया," ती गंभीरपणे म्हणाली. "और बीमार है." मग तिने चादरीचा कोपरा उचलला, आणि आतून कॉम्प्युटरचा काळा डबा डोकावला.

कंडक्टर हसत पुढे गेला. शुभंकरही हसला, आणि आपण हसताना पकडले गेलो हे कळून एकदम खिडकीबाहेर पाहू लागला. काचेत मात्र तीच दिसत होती.

पुढचं बोलणं कसं सुरू झालं ते त्याला नंतर कधी नीट आठवलं नाही. तिचं नाव स्वप्नाली. दिवसा ती घरी बसून एका दवाखान्याची बिलं बनवी, आणि उरलेल्या वेळात त्याच कॉम्प्युटरवर एक खेळ रचत होती. एक मुलगी दिवा घेऊन टेकडीच्या पायऱ्या चढते, वारा सुटतो, दिवा विझू द्यायचा नाही... बस, एवढाच खेळ. पुण्यात नव्या खेळांचं एक प्रदर्शन भरणार होतं. तिथे खेळ पाठवायचा तर तो खास खेळांसाठी बनवलेल्या एका ऑपरेटिंग सिस्टिमवर चालायला हवा, अशी त्यांची अट होती. आणि ती घालायची तर आधीचं सगळं पुसावं लागेल, असं इंदूरच्या दुकानदाराने तिला सांगितलं होतं.

"पुसायचं कशाला?" शुभंकर म्हणाला. एरवी तो अनोळखी मुलीशी असा बोलला नसता. "आतच दुसरा कॉम्प्युटर वसवू ना... व्हर्च्युअल मशीन म्हणतात. पहिल्याला पता पण नाही चालणार."

"पत्ता लागणार नाही," तिने हळूच दुरुस्त केलं.

"तेच. मराठी घरातच बोलतो आम्ही. शाळा सगळी हिंदीत."

"मग वसवाल तुम्ही?"

देवासच्या एका कारखान्यात तो कॉम्प्युटर सांभाळत होता आणि सुट्टीला धारला आईकडे जाई. त्या दिवसापासून आईला कळवलं जाऊ लागलं की हल्ली रविवारीही काम असतं.

स्वप्नालीच्या देवासच्या घरी कॉम्प्युटरच्या खोलीत तिच्या आत्या, इंदिराबाई, मटार सोलत बसायच्या. मटार संपले तर लसूण. पण खोली सोडायच्या नाहीत. एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कसा राहतो, हे त्यांना काही केल्या पटेना. शेवटी शुभंकर म्हणाला, "आत्याबाई, देवासात नव्हते का दोन राज्य? थोरली पाती, धाकटी पाती. गाव एक, रस्ता पण एकच. ह्या बाजूला यांचा कारभार, त्या बाजूला त्यांचा."

"असं होय," आत्या म्हणाल्या. "मग भांडणं होत असतील."

"होतात. चित्र दाखवायच्या कार्डावरून. एकच आहे ना, ते थोरली सोडत नाही."

"थोरलीचं असंच असतं," आत्या समाधानाने म्हणाल्या आणि पुढची शेंग हातात घेतली.

आत्यांच्या सासरचे लोक धाकट्या पातीतले होते, हे स्वप्नालीने त्याला नंतर दाराशी सांगितलं. दोघं तिथेच किती वेळ हसत उभी राहिली...

नव्या सिस्टिमवर खेळ चालला, पण अडखळत. मुलगी पायरीवर पाऊल ठेवी आणि तिथेच थिजे. दिव्याची ज्योत हलण्याऐवजी उड्या मारी. आतल्या कॉम्प्युटरला स्वतःचं कार्ड हवं होतं. पुढच्या रविवारी शुभंकरने रुमालात गुंडाळून एक आणलं. घरी पडूनच होतं, असं तो म्हणाला. ते पडून वगैरे नव्हतं. देवासच्या खोलीवरच्या त्याच्या कॉम्प्युटरमधून काढलेलं होतं, आणि त्याच्याशिवाय त्याचे सगळे आवडते खेळ आता बंद होते. त्याचं त्याला काही वाटलं नाही. कार्ड बसलं, मुलगी चालू लागली, ज्योत वाऱ्याबरोबर वाकली आणि पुन्हा सरळ झाली, तेव्हा स्वप्नालीने श्वास रोखला होता. तो पडद्याकडे पाहतच नव्हता.

एक गोष्ट मात्र त्याने तिला पहिल्या दिवसापासून बजावून सांगितली होती. काही बदलायच्या आधी स्नॅपशॉट घ्यायचा, म्हणजे आतल्या कॉम्प्युटरची आहे ती स्थिती जपून ठेवायची. मग कितीही बिघडलं तरी मागे जाता येतं, जसं काही घडलंच नाही. तिने तो नियम देवपूजेसारखा पाळला.

बोलण्याला असा स्नॅपशॉट नसतो, म्हणून तो मनातलं बोलत नव्हता. हिने मान फिरवली तर? रविवारमागून रविवार गेले, दाराशी रेंगाळण्यातच संध्याकाळी गेल्या... मग एका दुपारी ती चहा टाकायला आत गेली आणि आत्यांना भिंतीला टेकून डुलकी लागली. खेळात वस्तू कशी ठेवायची हे तिनेच त्याला शिकवलं होतं. त्याने आतल्या खेळात, पायऱ्यांच्या शेवटच्या वळणावर, आणखी एक दिवा ठेवला. मुलगी तिथे पोचली की तो उजळायचा आणि तिच्या शेजारी चालू लागायचा. बस, तेवढंच. चहा त्याने गरम गरमच संपवला.

"चाचणी करा," निघताना तो म्हणाला. "अगदी शेवटपर्यंत."

दोन दिवसांनी तिचा निरोप आला. खेळ शेवटपर्यंत नीट चालला, काही अडचण नाही, पुण्याला पाठवला. मनापासून आभार.

त्याने तो पुन्हा पुन्हा वाचला. दिव्याबद्दल शब्द नव्हता. किती सभ्यपणे नाही म्हणाली, असं त्याला वाटलं, आणि पुढच्या रविवारी तो धारला गेला. त्याच्या पुढच्याही. आईने विचारलं, रविवारचं काम बंद झालं का? तो हो म्हणाला.

तिसऱ्या रविवारी तिचा फोन आला. ती धारच्या बसस्टँडवर उभी होती.

तो पोचला तेव्हा ती बाकावर बसली होती, मांडीवर तीच बागची चादर. गाठोडं ह्या वेळी लहान होतं. "तुमचं कार्ड," ती म्हणाली. "घरी पडून होतं म्हणालात. पण जिथे तुम्ही रोज ऑनलाइन खेळायचात तिथे तुमचं नाव पुष्कळ दिवस दिसलं नाही. मी बघत होते."

ती बघत होती...

"काम झालं, म्हणून येणं बंद केलंत ना?" तिने मान खाली घातली. "निदान कार्ड तरी स्वतः येऊन घेऊन जायचं."

"तुम्ही खेळ शेवटपर्यंत पाहिला होता?"

"पाहिला की. आधी जुन्या स्नॅपशॉटवर गेले, मग चाचणी केली. कोरी जागा हवी ना चाचणीला. तुमचाच तर नियम."

शुभंकर तिच्याकडे बघत राहिला. मग बाकावर तिच्या शेजारी मटकन बसला आणि हसू लागला. पण हसता हसताच गप्प झाला. नाही म्हटलंच नव्हतं तिने. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. त्या मागे जाण्यात दिवा पुसला गेला होता, आणि आता तोंडाने सांगण्यावाचून काही उरलं नव्हतं.

"काय होतं शेवटी?" तिने विचारलं.

समोरून रतलामची बस निघाली. तो ती जाईपर्यंत थांबला.

"शेवटच्या वळणावर... दुसरा दिवा ठेवला होता मी. तिच्या बरोबर चालणारा."

"कुणाचा?"

"माझा," तो म्हणाला. "एकटी चढते ती. मला ते पाहवत नाही."

चादरीच्या ठशावरून, काळ्या वेलीच्या कडेकडेने, स्वप्नालीचं बोट फिरत राहिलं. गाठोड्यावर टेकलेल्या त्याच्या बोटांपाशी आलं, आणि थांबलं.

"आणि मी पुसला," ती पुटपुटली.

"चालायचं. माहीत थोडंच होतं..."

तिने गाठोड्याची सुटलेली गाठ पुन्हा बांधली, घट्ट, आणि ते त्याच्या हातात न देता आपल्याच मांडीवर ठेवलं. देवासकडची बस लागत होती.

"चल," ती म्हणाली. "आत्याने मटार आणून ठेवलेत. दिवा परत ठेव तिथेच, मी पाहीन. आणि मग स्नॅपशॉट घेऊ."

"आता कशाला?"

"पुढे कधी बिघडलंच," ती उठत म्हणाली, "तर इथवर तरी परत येता येईल."